खाडीवरचे दूरचे शिकारी पक्षी ओळखण्यासाठी कोणता स्कोप घ्यावा?

खंड्या_ऐरोली (धागाकर्ता)

नमस्कार. मी ऐरोलीला राहतो आणि हिवाळ्यात सवड मिळेल तेव्हा ठाणे खाडीच्या काठावर पक्षी पाहायला जातो. आजवर माझे सगळे काम ८×४२ च्या (आठपट, ४२ मिमी भिंगाच्या) दुर्बिणीवर भागत आले आहे. रोहित, शेकाटे, पाणटिवळे यांच्यासाठी ती पुरेशी आहे. परंतु मला खरी ओढ आहे ती शिकारी पक्ष्यांची, आणि ते नेमके दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर बसतात. ओहोटीला चिखलाटाच्या पलीकडे एखाद्या वाळक्या तिवरावर किंवा उच्चदाब वाहिनीच्या मनोऱ्यावर गरुड बसलेला असतो. तो गरुड आहे एवढे कळते; पण मोठा ठिपकेदार, भारतीय ठिपकेदार की स्टेपी, हे सांगता येत नाही. नोंदीत ‘गरुड, जात अनिश्चित’ असे लिहावे लागते. मोठा ठिपकेदार गरुड आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत असुरक्षित वर्गात आहे आणि आपल्या खाडीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला आहे. अशा जागेवरच्या अशा पक्ष्याची नोंद अर्धवट राहावी हे मला फार खटकते.

म्हणून आता स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने पाहायची दुर्बीण, घ्यायचे ठरवले आहे. दुकानात २०–६०×६०, २०–६०×८० असे आकडे दाखवतात आणि ‘साठपट दिसेल’ एवढेच सांगतात. मला विचारायचे आहे ते असे, की पुढचे भिंग ६० मिमीचे घ्यावे की ८० मिमीचे, सरळ घ्यावा की तिरक्या आयपीसचा (डोळ्याकडच्या भिंगाचा), आणि चष्मा असणाऱ्याने काय पाहावे? मी लोकल आणि बसने फिरतो, हेही लक्षात घ्यावे. एका परिचिताने रायफलवर बसवायचा टेलिस्कोप स्वस्तात मिळतो, तोच घे, असे सुचवले आहे. त्यातही काही तथ्य आहे का?

पाणटिवळा

प्रश्न फार चांगला मांडला आहे, कारण कोणता पक्षी आणि त्याची कोणती खूण पाहायची आहे हे आपण आधीच सांगितले आहे. स्कोपची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

उत्तम प्रकाशात साध्या डोळ्याला सुमारे एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, तपशील वेगळा दिसतो. एक किलोमीटर अंतरावर एक कला म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटर. दहापट दुर्बिणीतून तोच तपशील २.९ सेंटिमीटरपर्यंत येतो आणि तीसपट स्कोपमधून साधारण एका सेंटिमीटरपर्यंत. आता गरुडाकडे वळू. बसलेल्या भारतीय ठिपकेदार गरुडाच्या चोचीच्या कोपऱ्यातली पिवळी कड डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते. मोठ्या ठिपकेदाराची ती साधारण डोळ्याच्या मध्यापाशी थांबते. स्टेपी गरुडाचीही कड लांब असते, मात्र त्याच्या नाकपुड्या लांबट असतात आणि ठिपकेदारांच्या गोल. हा सगळा फरक काही मिलिमीटरांचा आहे. पाच मिलिमीटर धरले, तर ४०० मीटरवर तो २.६ विकलांचा (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) कोन होतो आणि तो डोळ्याला दिसण्यासाठी किमान २३ पट लागतात. हाच पक्षी ८०० मीटरवर असेल तर कोन १.३ विकला होतो आणि ४६ पट लागतात. परंतु ६० मिमी भिंगाची स्वतःची मर्यादाच सुमारे १.९ विकला आहे आणि ८० मिमीची १.४५. म्हणजे ८०० मीटरवरच्या गरुडाच्या चोचीची कड पाहणे ८० मिमीच्या भिंगालाही तत्त्वतः अशक्य आहे. मग आयपीसवर ६० लिहिलेले असो वा ९०.

यातून मी काढतो तो निष्कर्ष असा. किती पट, हा आकडा खरेदीत सर्वात शेवटी पाहावा. भिंगाचा व्यास, काचेची प्रत आणि ट्रायपॉडची स्थिरता या तीन गोष्टी आधी. साठपट करता येणाऱ्या स्कोपमधून आपण बहुतेक वेळ २० ते ३५ पटींतच पाहणार आहात.

प्रकाशाचाही हिशोब आहे. भिंगाच्या व्यासाला पटींनी भागले की आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. स्कोप हातभर लांब धरून आयपीसकडे पाहिले तर ही गोल चकती दिसतेही. आपल्या ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर आहे, म्हणून ती दुर्बीण संध्याकाळीही उजळ वाटते. ८० मिमीच्या स्कोपमध्ये २० पटींना ती ४ मिलिमीटर असते आणि ६० पटींना जेमतेम १.३, ६० मिमीच्या स्कोपमध्ये ६० पटींना फक्त १. भर दुपारीसुद्धा बाहुली दोन ते तीन मिलिमीटर उघडी असते. त्यामुळे एवढ्या बारीक चकतीतून चित्र काळपट आणि मवाळ दिसते. आपल्याला पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास पाहायचे असेल, तर ८० मिमीचे भिंग ६० मिमीपेक्षा सुमारे पावणेदोन पट प्रकाश घेते, हे विसरू नये.

काचेबद्दल एकच सांगतो. ईडी (रंग कमी विखुरणारी) काच असलेला स्कोप घ्यावा, त्यासाठी थोडे थांबावे लागले तरी चालेल. साध्या काचेत वेगवेगळ्या रंगांचे किरण एका ठिकाणी मिळत नाहीत आणि पांढऱ्या आकाशासमोर बसलेल्या काळपट पक्ष्याच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसते. शिकारी पक्षी तर बहुधा असेच, उजळ आभाळासमोर दिसतात. पिसांचा रंग ओळखीसाठी महत्त्वाचा असताना ती झालर घात करते.

कोपरीकर

वरील गणित अचूक आहे, पण मला वाटते की ते निम्मेच आहे. आपल्याकडे भिंगाच्या आधी हवा मर्यादा घालते. सूर्य वर आला की चिखलाट तापतो, त्यावरची हवा थरथरू लागते आणि मग लाखो रुपयांच्या स्कोपमधूनही गरुड पाण्याखाली असल्यासारखा हलताना दिसतो. पट वाढवले की ती थरथरही तितक्याच पटींनी मोठी होते. अशा वेळी पट कमी करणे एवढाच उपाय असतो. त्यामुळे केवळ भिंगाचा व्यास वाढवून दुपारची अडचण सुटेल, हे मला पटत नाही.

त्याऐवजी काठ आणि वेळ यांची निवड करावी. आपली खाडी साधारण उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. ऐरोली, वाशीच्या काठावर उभे राहिले की तोंड पश्चिमेला येते; म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पिसांचे रंग खरे दिसतात. दुपारनंतर त्याच जागी सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात. भांडुप, मुलुंड, कोपरीच्या बाजूला नेमके उलट घडते. ऐरोलीकरांना सकाळ मिळते, हे त्यांचे भाग्य आहे, कारण सकाळची हवाही सर्वात शांत असते.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. ओहोटीला चिखलाट उघडा पडतो, चिखल्ये आणि तुतवार त्यावर लांबवर पांगतात आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे मार्श हॅरियर व बहिरी ससाणेही लांब जातात. भरती चढू लागली की पाणी या पक्ष्यांना काठाकडे ढकलते. पूर्ण भरतीला ते बेलापूर-सीवूड्सच्या पाणथळींसारख्या जागी विसाव्याला येतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून सकाळी लवकर चढती भरती मिळेल असे दिवस तक्त्यावरून आधीच निवडून ठेवता येतात. ज्या दिवशी पक्षी ८०० मीटरऐवजी ३०० मीटरवर येतो, त्या दिवशी ६० मिमीचा स्कोपही पुरतो.

आणि स्कोपला डोळा लावून बसण्यापूर्वी साध्या डोळ्यांनी थवे पाहत राहावे. चिखलाटावरचे सगळे पक्षी एकदम उठले आणि एकवटून वळू लागले, तर वर कुठेतरी ससाणा आहे असे समजावे. स्कोपमध्ये २० पटींना एक किलोमीटरवर सुमारे ३५ ते ४० मीटरचाच पट्टा दिसतो, तर ८×४२ दुर्बिणीत १३० मीटरच्या आसपास. उडता शिकारी पक्षी आधी दुर्बिणीतच धरावा लागतो.

नेमबाज

रायफलच्या टेलिस्कोपबद्दल मी लिहितो, कारण मी नेमबाजीचा सराव करतो आणि हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. थोडक्यात उत्तर द्यायचे तर, घेऊ नये. कारणे मात्र समजून घेण्यासारखी आहेत.

हे उपकरण पाहण्यासाठी नसून नेम धरण्यासाठी बनवलेले असते. अमेरिकेत कोयोटीसारख्या प्राण्यांची लांब पल्ल्यावरून शिकार करणारे लोक ४–१६ किंवा ५–२५ पटींचे टेलिस्कोप वापरतात. त्यांना त्यातून हव्या असलेल्या गोष्टी वेगळ्याच असतात. गोळी सुटल्याच्या धक्क्याने नेम हलता कामा नये, नेमाची खूण अंतर मोजायला उपयोगी पडावी, आणि वरच्या चकतीच्या प्रत्येक टिचकीला नेम ठरावीक मापानेच सरकावा, उदाहरणार्थ १०० मीटरवर बरोबर एक सेंटिमीटर. पैसा या यंत्रणेत जातो. रायफलचा धक्का भुवईला लागू नये म्हणून डोळा आयपीसपासून ९ ते १० सेंटिमीटर मागे ठेवावा लागतो आणि डोळा जरासा सरकला की चित्र काळे पडते. चित्राच्या मधोमध नेमाच्या रेषा असतात, त्या पक्ष्याच्या चेहऱ्यावरच येतात. २५ पटींना दृश्यपट्टाही १०० मीटरवर दीड मीटरच्या आसपास असतो, म्हणजे आपल्याला त्यात काहीच अधिक मिळत नाही. शिवाय ट्रायपॉडवर बसवायची सोय नसते आणि एका डोळ्याने ताठ मानेने पाहत राहणे फार थकवणारे असते.

एक गैरसमजही दूर करावासा वाटतो. ऑलिम्पिकमधल्या १० मीटर एअर रायफल किंवा ५० मीटर रायफल प्रकारांत भिंगांच्या टेलिस्कोपमधून नेम धरायला परवानगी नसते. तिथे बारीक छिद्राच्या साइटमधून नेम धरतात. उलट, ५० मीटरच्या कागदी लक्ष्यावर गोळी कुठे लागली हे पाहण्यासाठी नेमबाज वर्षानुवर्षे स्पॉटिंग स्कोपच वापरत आले आहेत. म्हणजे पाहण्याचे काम आमच्याकडेही स्कोपकडेच असते.

शेवटी व्यवहाराची बाब. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि त्या कायद्यात पक्ष्यांच्या घरट्यांना किंवा अंड्यांना उपद्रव देणे हेदेखील शिकारीच्या व्याख्येत येते. ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. अशा ठिकाणी नेमाचा टेलिस्कोप हातात घेऊन उभे राहणे योग्य नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

बुलबुल

मला चष्मा आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते. विकत घेताना ‘आय रिलीफ’, म्हणजे पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा आयपीसपासून जितका दूर ठेवता येतो ते अंतर, किती मिलिमीटर आहे ते आवर्जून विचारावे. चष्म्यासह पूर्ण गोल दिसण्यासाठी किमान १५ मिलिमीटर लागतात आणि १७-१८ असतील तर डोळ्याला ताण पडत नाही. झूम आयपीसमध्ये पट बदलले की हे अंतर बदलू शकते, त्यामुळे कमी आणि जास्त अशा दोन्ही पटींना चष्मा लावूनच पाहावे. रबरी कडा पूर्ण खाली करून पाहिले तरी चित्राभोवती काळी चौकट राहत असेल, तर तो स्कोप आपल्यासाठी नाही.

तिरक्या आयपीसच्या बाजूने माझे ठाम मत आहे. आमच्या गटात शाळकरी मुले असतात, उंच मंडळी असतात आणि माझ्या सासूबाईही येतात. तिरका आयपीस असेल तर ट्रायपॉड सर्वात ठेंगण्या माणसाच्या उंचीला लावता येतो आणि बाकीचे जरा वाकून पाहतात. सरळ स्कोपमध्ये प्रत्येकासाठी ट्रायपॉड वर-खाली करावा लागतो आणि तोवर पक्षी उडून जातो. येऊरला डोक्यावर घिरट्या घालणारा सर्पगरुड पाहतानाही मान मागे टाकावी लागत नाही. सरळ स्कोपने पक्षी चटकन सापडतो, हे खरे आहे, आणि गाडीच्या काचेवर टेकवून पाहणाऱ्यांना तोच सोयीचा पडतो. पण तिरक्याचा सराव थोड्या दिवसांत होतो. नळीवर बाजूने डोळा लावून आधी दिशा साधावी, पट सर्वात कमी ठेवावेत, पक्षी सापडल्यावरच वाढवावेत.

चिखल्या

सर्वजण ८० मिमीकडे झुकत आहेत असे दिसते, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ८० मिमीचा स्कोप आयपीससह दीड ते दोन किलो भरतो आणि त्याला पेलणारा ट्रायपॉड डोक्यासकट आणखी तीन किलोच्या घरात जातो. पाण्याची बाटली, दुर्बीण आणि वही धरून हे ओझे खांद्यावर घेऊन सकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये चढायचे असेल, तर काही आठवड्यांतच स्कोप घरी राहू लागतो. ६०–६५ मिमीचा ईडी स्कोप किलोभराच्या आसपास असतो. धागाकर्ते लोकलने फिरतात. सोबत आलेला ६५ मिमी, घरी राहिलेल्या ८० मिमीपेक्षा नेहमीच अधिक दाखवेल.

पाणटिवळा

चिखल्या, आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि ६५ मिमीची उत्तम काच ही ८० मिमीच्या सुमार काचेपेक्षा निश्चित वरचढ असते, हेही त्यात जोडतो. फक्त ट्रायपॉड हलका करून वजन वाचवू नये. तीस पटींना खाडीवरच्या वाऱ्याचा प्रत्येक हेलकावा तीस पट मोठा होतो. चांगला स्कोप डुगडुगत्या ट्रायपॉडवर ठेवला तर त्याचे पैसे वाया जातात. फोटोच्या बॉल हेडऐवजी दोन दिशांना सावकाश फिरणारे फ्लुइड हेड घ्यावे, म्हणजे हॅरियर तिवरांवरून संथ तरंगत जाताना त्याच्यामागे स्कोप न अडखळता फिरवता येतो. मधला दांडा वर काढू नये, पायांचे सर्वात खालचे बारीक भाग शक्यतो उघडू नयेत आणि जोराचा वारा असेल तर मधल्या आकड्याला पिशवी अडकवावी, मात्र ती जमिनीला किंचित टेकलेली असावी, नाहीतर पिशवीच झुलत राहते. शक्य असेल तर स्टुलावर बसून पाहावे. ट्रायपॉड ठेंगणा राहिला की स्थिरता आपोआप वाढते.

बेलापूरकर

निवडीइतकीच सांभाळण्याची चर्चा व्हायला हवी, कारण आपल्या हवेत स्कोपचा खरा शत्रू बुरशी आहे. नायट्रोजन भरलेला आणि जलरोधक स्कोपच घ्यावा. पाण्यात पडणार नाही म्हणून जलरोधक नको, असे म्हणू नये. पावसाळ्यात नवी मुंबईतली दमट हवा बंद कपाटातही शिरते. नायट्रोजन भरलेल्या नळीत आतून धुके धरत नाही आणि बुरशीलाही ओलावा मिळत नाही. जुनी वस्तू विकत घेत असाल, तर अंधाऱ्या खोलीत पुढच्या भिंगातून तिरका टॉर्च मारून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे कडेपासून आत पसरलेले दिसले, तर ती बुरशी आहे. काचेवरचा लेप ती खाऊन टाकते आणि साफ केल्यावरही डाग राहतात.

घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरावे. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर त्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावी. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत महिनोन्महिने ठेवू नये. खाडीवरून आल्यावर काचेवर क्षाराचा पातळ थर असतो, तो कोरड्या रुमालाने पुसला तर कण काचेवर घासले जातात. आधी ब्लोअरने हवा मारावी, मग मऊ ब्रश फिरवावा आणि शेवटी लेन्ससाठीचे कापड किंचित ओले करून पुसावे.

आणखी एक गोष्ट. वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर स्कोप काढला की थंड काचेवर बाहेरचा दमटपणा धरतो आणि नळीतली हवा स्थिरावेपर्यंत चित्रही तरळते. पोहोचल्यावर स्कोप पिशवीतच ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा, तोवर दुर्बिणीने पाहावे.

खंड्या_ऐरोली (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. रायफलच्या टेलिस्कोपचा विचार मी सोडून दिला आहे. चिखल्या यांचे वजनाबद्दलचे म्हणणे आणि पाणटिवळा यांचे ट्रायपॉडबद्दलचे म्हणणे दोन्ही धरून, ६५ मिमीचा, तिरक्या आयपीसचा, ईडी काचेचा स्कोप आणि त्याला पेलेल असा कार्बन फायबरचा ट्रायपॉड घ्यावा, अशा निर्णयापर्यंत आलो आहे. वाचलेले पैसे फ्लुइड हेडकडे वळवीन. चोचीची कड दिसावी म्हणून ४०० मीटरच्या आत पक्षी येईल अशा भरतीच्या सकाळी निवडीन. आता एकच राहिले. दुकानात स्कोप हातात आल्यावर तो चांगला आहे की नाही हे नेमके कसे तपासावे? दुकानाच्या आत तर समोरची भिंतच दिसते.

कोपरीकर

दुकानदाराला स्कोप ट्रायपॉडवर लावून दाराबाहेर आणण्याची विनंती करावी. नकार मिळाला तर दुसरे दुकान पाहावे. काचेच्या खिडकीतून कधीही तपासू नये, खिडकीची काचच चित्र बिघडवते. दूरच्या इमारतीवरचा अँटेना किंवा आकाशासमोरची तार शोधावी आणि तिच्या कडेला जांभळी झालर किती आहे ते पाहावे. मग लांबच्या फलकावरची बारीक अक्षरे २० पटींना वाचून पट वाढवत न्यावेत. ज्या पटींनंतर अक्षरे मोठी होतात पण अधिक स्पष्ट होत नाहीत, तीच त्या स्कोपची खरी हद्द. फोकसचे चाक एका बिंदूला चटकन आणि ठामपणे थांबायला हवे. ते मागे-पुढे फिरवत राहावे लागत असेल, तर काच किंवा जुळणी सदोष आहे. एकाच मॉडेलचे दोन नग असतील तर दोन्ही पाहावेत, कारण मधल्या किमतीच्या स्कोपमध्ये नगानगात फरक असतो. तपासणी सकाळी दुकान उघडताच करावी, डांबर तापल्यानंतर नव्हे.

आणि उरणकडे जाणार असाल तर ओळखपत्र जवळ ठेवावे. तिथे बंदर आणि नौदलाचे क्षेत्र जवळजवळ आहे. कोणी विचारले तर स्कोपमधून पक्षी दाखवावा आणि त्या दिशेला तो वळवू नये.